भिंतीत राहून जाणारा साचा

काँक्रीटची भिंत ओतायची म्हणजे आधी तिच्या मापाचा साचा उभा करायचा. दोन्ही बाजूंना प्लाय किंवा लोखंडी प्लेटा, त्यांच्या मागे बत्ते, आडवे पाइप, तिरके टेकू, आरपार टाय रॉड, आणि आतून शटरिंग ऑइलचा हात. भिंत ओतून झाली की भारतीय मानक ४५६ प्रमाणे १६ ते २४ तासांनी हा सगळा पसारा खोलायचा, खिळे उपटायचे, प्लेटा खरवडायच्या आणि पुढच्या भिंतीला लावायच्या. आरसीसीच्या कामात सेंट्रिंगचा खर्च कित्येकदा तिसऱ्या हिश्शाच्या वर जातो, आणि त्यातली एकही वस्तू इमारतीत राहत नाही. त्यामुळे बांधणाऱ्यांच्या मनात एक प्रश्न फार जुना आहे: साचाच भिंतीचा भाग करून टाकला तर?

आज बाजारात या प्रश्नाची पुष्कळ उत्तरं आहेत. थर्माकोलचे पोकळ ठोकळे, एकमेकांत सरकणाऱ्या पीव्हीसीच्या पट्ट्या, जिप्समच्या पोकळ फळ्या, जस्त चढवलेल्या पोलादी जाळ्या. उभ्या करायच्या, आत सळई सोडायची, काँक्रीट ओतायचं आणि तसंच ठेवायचं. माहितीपत्रकांत याला नवं तंत्र म्हणतात. पण या वस्तूची वंशावळ लावत मागे गेलं की ती थेट रोमपर्यंत पोचते, आणि वाटेत एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. बाहेरच्या पडद्याचं साहित्य दर पिढीत बदलत गेलं. भिंत किती टिकणार हे मात्र दर वेळी त्या दोन पडद्यांना एकमेकांशी आणि मधल्या गाभ्याशी धरून ठेवणाऱ्या बांधणीवरच ठरलं.

ओलं काँक्रीट घनमीटरला सुमारे २४०० किलो भरतं, आणि ओतल्याबरोबर ते द्रवासारखा चहूकडे रेटा देतं. तीन मीटर उंचीची भिंत एका दमात ओतली तर तळाशी दर चौरस मीटरवर सात टनांच्या आसपास रेटा येतो. टाय रॉड कमी पडले की साच्याला पोट येतं, कधी तो फुटतोही. साचा काढायचा असेल तर एवढा रेटा सोसला की त्याचं काम संपलं. ठेवायचा असेल तर खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते, कारण आता त्याला गाभ्याबरोबर ऊन, पाऊस आणि धक्के सोसत वर्षानुवर्षं नांदायचं असतं.

रोमन लोकांचं काँक्रीट आपल्यासारखं ओतलं जात नव्हतं. चुना आणि ज्वालामुखीची राख यांच्या घट्ट मसाल्यात मुठीएवढे दगड थरावर थर देत हातानं बसवत. पायासाठी लाकडी फळ्या लावत, पण जमिनीच्या वर आलं की भिंतीची दोन्ही तोंडं आधी काही थर रचायची, मधे भरायचं, पुन्हा रचायचं, पुन्हा भरायचं. ही तोंडं म्हणजेच साचा, आणि तो कोणी काढत नसे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ही तोंडं लहान ओबडधोबड दगडांची होती. पुढच्या शतकात चौकोनी तोंडाचे, मागे निमुळते घडवलेले दगड तिरपे बसवून जाळीची नक्षी उठवायची चाल आली. मग भाजलेली वीट आली आणि साम्राज्याच्या काळात तीच रूढ झाली.

ती वीट जवळून पाहण्याजोगी आहे. सुमारे २० सेंटिमीटर चौरस वीट कर्णावर तोडून तिचे त्रिकोण करायचे. लांब बाजू बाहेर, टोक आत. बाहेरून पाहणाऱ्याला साध्या विटांची सरळ भिंत दिसते, आत मात्र करवतीच्या दातांसारखी टोकांची रांग गाभ्यात रुतलेली असते. दोन टोकांमधल्या खाचेत मसाला शिरतो आणि तिथेच घट्ट होतो. शिवाय ठरावीक उंचीवर दोन रोमन फूट, म्हणजे जवळजवळ ६० सेंटिमीटर चौरस विटांचा एक पूर्ण थर अंथरलेला असतो, या तोंडापासून त्या तोंडापर्यंत. पडदा, गाभ्यातली पकड आणि दोन्ही तोंडांना बांधणारा थर, असं सगळं एकाच मातीच्या विटेतून साधलेलं. या विटांवर भट्टीचे शिक्के असत. इसवी सन १२३ च्या शिक्क्यांवर त्या वर्षीच्या कॉन्सलांची नावं मोठ्या संख्येनं सापडतात आणि त्यांच्या आधारे पुरातत्त्वज्ञ इमारतींचा काळ ठरवतात. लाकडी साचा असता तर हा पुरावा सरपणात गेला असता.

इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात स्थापत्यावर दहा भागांचा ग्रंथ लिहिणाऱ्या व्हिट्रुव्हियसला या भिंतींबद्दल काळजी वाटत होती. जाळीची नक्षी दिसायला देखणी, पण तिला सहज तडे जातात, असं त्यानं दुसऱ्या भागात स्पष्ट लिहून ठेवलं आहे. त्याची मोठी तक्रार मात्र घाईबद्दल आहे. आपले बांधणारे लोक फक्त तोंडं उभी करतात आणि मधे फुटके दगड नि मसाला कसाही टाकून मोकळे होतात, असं तो म्हणतो. ग्रीक लोक तसं करत नाहीत. ते मधूनमधून भिंतीच्या पूर्ण जाडीचा दगड घालतात, जो दोन्ही तोंडांना दिसतो आणि दोन्हींना धरतो. तो आणखी एक उपाय सुचवतो: मधली भिंत नीट थरांनी बांधावी आणि बाहेरच्या तोंडांना लोखंडी कड्या नि शिसं ओतून जोडावी. आजच्या साच्यांत दोन पडद्यांच्या मधे जी पट्टी असते, तिचा इतका स्वच्छ उल्लेख याच्या आधीचा मला माहीत नाही.

या तक्रारीतल्या चुकीची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून सुमारे आठ हजार माणसं गेली. घरं दगडमातीची आणि वर जड माळवद. भिंती जाड होत्या, काही ठिकाणी हातभरापेक्षा कितीतरी जास्त, आणि त्या जाडीवरच घरमालकाचा भरवसा होता. पण त्यातल्या बहुतेक भिंती खरं म्हणजे दोन पातळ भिंती होत्या: बाहेरून एक तोंड, आतून एक तोंड, मधे माती नि दगडगोटे. आरपार जाणारा दगड नव्हता. जमीन हलली तशी तोंडं एकमेकांपासून सुटली, पोट काढून बाहेर पडली आणि माळवद खाली आलं.

काँक्रीटचा साचा तिथे नव्हता हे खरं, पण शरीररचना तीच आहे आणि मरणाचं कारणही तेच. त्याच वर्षीच्या भारतीय मानक १३८२८ मध्ये अशा बांधकामासाठी आरपार दगड सांगितले आहेत: उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत १.२ मीटरच्या आत एक. उभ्या राहिलेल्या भिंतींना नंतर जो उपाय केला गेला तो मला या सगळ्या इतिहासातला सर्वांत हृद्य वाटतो. दगड हलक्या हाताने सोडवून भिंतीत आरपार भोक करायचं, मधे निमुळतं आणि दोन्ही तोंडांशी रुंद. त्यात आकडा वळवलेली सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचं. ग्रीकांनी बांधतानाच घातलेला दगड इथे जिवंत घरात मागाहून ओतला गेला.

युरोपात रोमनंतर काँक्रीट जवळजवळ विस्मरणात गेलं, आणि एकोणिसाव्या शतकात सिमेंट घेऊन परतलं तेव्हा साचा काढून घेण्याचीच वाट रूढ झाली. इंग्लंडमध्ये जोसेफ टॉल यांनी १८६० च्या दशकात पुन्हापुन्हा वापरायच्या फळ्यांचं पेटंट घेतलं. थॉमस एडिसननी तर आख्खं घर एका दमात ओतायचा बेत केला. त्यासाठी बिडाच्या साच्याचे दोन हजारांहून अधिक तुकडे जोडावे लागत. १९१७ मध्ये न्यू जर्सीतल्या युनियन गावात अशी अकरा घरं झाली आणि काम तिथेच थांबलं. एवढा साचा विकत घेऊन तो पुरेपूर वापरेल असा बांधकामदार मिळेना. मुंबई-पुण्याच्या टॉवरांत दिसणारं ॲल्युमिनियमचं शटरिंग, ज्याला साइटवर सरसकट मिवान म्हणतात, ते याच वाटेवरचं यशस्वी टोक. शेकडो फ्लॅट एकाच मापाचे असतील तर ते परवडतं. चार खोल्यांच्या घराला नाही.

राहून जाणाऱ्या साच्याची वाट पुन्हा उघडली ती लोखंडी जाळीमुळे. १८८४ मध्ये जॉन गोल्डिंग यांनी पत्र्याला चिरा देऊन तो ताणायचा आणि सलग जाळी करायची, याचं पेटंट इंग्लंडमध्ये घेतलं. पुढे डेट्रॉइटच्या कान बंधूंच्या कंपनीने अशा जाळीला मधूनमधून उंच कणे दिले, म्हणजे ती स्वतःच्या ताकदीवर उभी राहते. जाळीवर मसाला मारला की तो भोकांतून पलीकडे जातो, वळतो आणि तिथेच पकडून राहतो. वेगळी कडी लागत नाही, जाळीचं प्रत्येक भोक हीच कडी. अशा दोन जाळ्यांमध्ये काँक्रीट ओतून भिंत करण्याची फ्रेंच पद्धत आज भारतातही आली आहे. तिच्यातून जास्तीचं पाणी निथळून जातं, त्यामुळे रेटाही कमी येतो. आणि कामगाराला काँक्रीट कुठवर पोचलं ते डोळ्यांनी दिसतं. या शेवटच्या गुणाकडे पुढे यायचं आहे.

फ्रँक लॉइड राइट यांनी १९२३-२४ मध्ये कॅलिफोर्नियात चार घरं केली, १६ इंच चौरसाच्या नक्षीदार काँक्रीट ठोकळ्यांची. पहिलं सोडून बाकीच्यांत ठोकळ्यांच्या कडांना खाचा होत्या, त्यांत सळई आणि पातळ मसाला भरायचा. घरं अतिशय सुंदर झाली. पण ठोकळ्यांत साइटवरचाच भुगा झालेला ग्रॅनाइट वापरला होता, ठोकळे पाणी पीत राहिले आणि आतल्या सळया गंजून फुगल्या. त्यांतल्या एनिस हाउसला १९९४ च्या भूकंपाने आणि पुढे मोठ्या पावसाने जबर इजा झाली. बांधणी होती, पण तिच्यावर पांघरूण अपुरं पडलं.

इटलीत पिएर लुइजी नेर्वी यांनी हाच प्रश्न वेगळ्या बाजूने धरला. ते इंजिनियर होते आणि स्वतःची बांधकाम कंपनी चालवत, म्हणजे लाकडाचं बिल त्यांच्याच खिशातून जायचं. युद्धकाळात लाकूड आणि पोलाद दोन्ही दुर्मिळ. १९४३ मध्ये त्यांनी फेरोसिमेंटचं पेटंट घेतलं: बारीक तारजाळीचे अनेक थर आणि त्यांत दाबून भरलेला सिमेंटचा मसाला, जाडी जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर. याच्या फळ्या जमिनीवर ओतायच्या, उचलून जागेवर मांडायच्या आणि त्यांच्या मधे नि वर काँक्रीट ओतायचं. रोमच्या पालाझेत्तो देल्लो स्पोर्तचा घुमट १९५७ मध्ये असाच पुरा झाला, १६२० तुकड्यांचा, सुमारे ६० मीटर व्यासाचा. शेजारच्या दोन तुकड्यांच्या कडा मिळून पन्हळ तयार होते. त्या पन्हळीत सळई आणि काँक्रीट पडलं की तीच घुमटाची फासळी. साचा आणि गाभा दोन्ही सिमेंटचेच, त्यामुळे एकमेकांशी बेबनाव नाही. आत उभं राहून वर पाहिलं की जी फासळ्यांची जाळी दिसते ती सगळी त्या राहून गेलेल्या साच्याची आहे. काढायच्या लाकडी साच्यात इतकी बारीक घडण कुणालाही परवडली नसती. या वंशावळीत साच्याला एवढा मान पुन्हा कुणी दिलेला नाही.

थंड देशांत मात्र साच्याकडून वेगळी अपेक्षा होती: ऊब. ऑस्ट्रियात १९०८ पासून लाकडाच्या लांब किसाला मॅग्नेसाइटने बांधून फळ्या करत होते. लाकूड आणि सिमेंट यांचे पोकळ ठोकळे दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपच्या पुनर्बांधणीत वापरले गेले. १९५० च्या सुमारास जर्मनीत बीएएसएफ कंपनीत थर्माकोल तयार झाला, आणि १९६६ मध्ये कॅनडातल्या वेर्नर ग्रेगोरी यांनी थर्माकोलच्या साच्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. ४८ इंच लांब आणि १६ इंच उंच ठोकळा, एकमेकांत अडकणाऱ्या कडा, दोन बाजूंना जोडणाऱ्या धातूच्या कड्या. दोन माणसांनी दिवसाभरात खोली उभी करावी इतका हलका. पण धातू उष्णता वाहून नेतो. भिंतीची ऊब त्या कड्यांतूनच बाहेर गळू लागली. म्हणून पुढे त्यांच्या जागी प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या. त्यांची टोकं थर्माकोलमध्ये रुंद पसरवली, म्हणजे वरून स्क्रू मारून फळी बसवता येते. इथे पडदा ताकदीला काहीच हातभार लावत नाही. हिशेबात सगळं वजन गाभ्यावर, थर्माकोल शून्य.

याच टप्प्यावर या साच्याची एक अडचण नजरेत भरते, आणि तिच्याबद्दल उघडपणे फारच कमी बोललं जातं. शटर खोलणं ही निव्वळ मजुरी नसते, ती तपासणीही असते. खडी वेगळी पडून मधाच्या पोळ्यागत भोकं राहिली असतील, सळई उघडी पडली असेल, खालचा भाग भरलाच नसेल, तर प्लेट निघताच ते सगळ्यांच्या समोर येतं, आणि मुकादम काय झालं ते जाणतो. साचा राहिला की ही पाहणी गेली. हातोडीने ठोकून पोकळ आवाज ऐकता येतो, पण थर्माकोलवर तोही ऐकू येत नाही. जाळीच्या पद्धतीचं मी वर जे कौतुक केलं ते यासाठी.

भारतात या कुळातली सगळ्यात विचार करायला लावणारी वस्तू खताच्या कारखान्यातून आली. फॉस्फोरिक आम्ल बनवताना दर टनामागे पाच टनांच्या आसपास फॉस्फोजिप्सम उरतं आणि त्याचे ढीग वर्षानुवर्षं पडून राहतात. १९९० च्या सुमारास ऑस्ट्रेलियात ॲडलेडला जिप्सम आणि काचतंतू यांची पोकळ फळी तयार झाली. मुंबईत ट्रॉम्बेला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सने आपल्याच उरलेल्या जिप्समपासून या फळ्या करायचा कारखाना घातला, आणि कोचीला फॅक्ट या खत कंपनीबरोबर भागीदारीत दुसरा. १२ मीटर लांब, ३ मीटर उंच, १२४ मिलिमीटर जाड अशी एक फळी. आतून पाहिली तर ४८ उभे कप्पे, प्रत्येक २३० बाय ९४ मिलिमीटरचा, आणि दोन कप्प्यांमधे जिप्समचीच पातळ भिंत. दोन तोंडांना बांधणारी कडी इथे वेगळी नाहीच, ती तोंडांबरोबर एकाच वेळी ओतलेली आहे. काचतंतू तोंडातून मधल्या भिंतीत वळतात, म्हणून ती सुटत नाही. त्रिकोणी विटेत रोमन माणसाने जे साधलं त्याची ही थेट नातलग आहे.

मद्रासच्या आयआयटीत या फळीवर अनेक वर्षं काम झालं. ऑस्ट्रेलियात ती मुख्यतः भिंतीला वापरत. इथे भूकंपाचा विचार करून कप्प्यांत सळई आणि काँक्रीट भरायचे नियम बसवले गेले, आणि तीच फळी आडवी टाकून स्लॅबसाठीही वापरली. काही कप्प्यांचं वरचं तोंड कापून आत सळई घालून बारीक तुळया ओतायच्या, वर काँक्रीटचा पातळ थर. २०१३ मध्ये आयआयटीच्या आवारात चार घरांची दुमजली इमारत अशी उभी राहिली. जिप्समला पाण्याचं वावडं, म्हणून जोत्याशी आणि न्हाणीघरात जलरोधक थराबद्दल जराही ढिलाई चालत नाही. कोकणातल्या पावसात हे काम करणाऱ्याने ही अट सगळ्यात वर लिहून ठेवावी.

२०१९ मध्ये केंद्र सरकारने स्वस्त घरांसाठी ५४ तंत्रं निवडली तेव्हा राहून जाणाऱ्या साच्याला स्वतंत्र वर्ग मिळाला. १ जानेवारी २०२१ रोजी सहा शहरांत नमुना प्रकल्पांची पायाभरणी झाली. त्यातल्या लखनऊच्या १०४० घरांना पोलादी सांगाडा आणि कॅनडातून आलेल्या तंत्राचा पीव्हीसी साचा घेतला. पट्ट्या एकमेकींत वरून सरकवायच्या. आतल्या आडव्या पडद्यांना भोकं असतात, त्यांतून काँक्रीट एका कप्प्यातून दुसऱ्यात जातं आणि पलीकडे जाऊन पडद्यालाच पकडतं. गिलावा नाही, रंग नाही, आणि गाभा मात्र दोन्ही बाजूंनी झाकलेला.

अशा प्रकल्पांच्या निविदांत पट्टीची जाडी, तिची आगीतली वागणूक, ध्वनिरोध असे तक्ते असतातच. माझं म्हणणं असं की त्यांत आणखी एक कलम हवं. दर मजल्यावर इंजिनियरने स्वतः निवडलेल्या काही जागी, विशेषतः भिंतीच्या तळाशी, कोपऱ्यांत आणि खिडक्यांच्या खाली, तळहाताएवढा पडदा कापून गाभा उघडा पाहायचा, फोटो काढायचा आणि मगच ते भोक बुजवायचं. पहिल्या दोन-तीन भिंती ओतताना हे सक्तीचं असावं, कारण ओतणाऱ्या टोळीला खडी किती बारीक हवी, मसाला किती पातळ हवा, एका वेळी किती उंच ओतायचं, हे त्याच भिंतींवर कळतं. खर्च नगण्य आहे. आणि जिथे काँक्रीट पोचलेलं नसेल तिथे ते मजला वर चढण्याआधी, माणसं राहायला येण्याआधी भरून घेता येतं.